वैद्यकीय लेखांचें दप्तर आणि तें पाहण्याची रीत

जमिनीचा व्यवहार करतांना आपला शेतकरी किती सावध असतो, हें महसूल खात्यांत चाकरी केलेल्या माणसास सांगावयास नको. बांधालगतचे दोन एकर घ्यावयाचे झाले, तरी तो आधीं सातबारा पाहतो, मग आठ-अ चा उतारा काढतो, फेरफाराचा नंबर शोधून तो मंजूर आहे कीं तक्रारींत आहे याची खात्री करतो. आणि आपल्या मराठवाड्यांत जुना वाद निघालाच, तर खासरा पाहणीपत्रकापर्यंत मागें जातो. इतकें झाल्यावर मग विसाराचे रुपये मोजतो. परंतु तोच शेतकरी स्वतःच्या देहाविषयीं, घरांतील स्त्रियांच्या प्रकृतीविषयीं किंवा गोठ्यांतील जनावरांविषयीं कोणीं कांहीं सांगितलें, तर 'याला आधार काय?' असें क्वचितच विचारतो. अमुक पाला लावला कीं विंचू उतरतो, अमुक दुखणें म्हणजे कर्करोगाची सुरुवात, अमुक लस टोंचली कीं गाय आटते, अशीं वाक्यें मोबाईलवरून गांवोगांव फिरतात आणि तीं खरीं मानून लोक चालतात. जमिनीचें नुकसान झालें तर दावा लावतां येतो. देहाचें नुकसान झाल्यावर दावा कोणावर लावावयाचा?

वाचकांपैकीं पुष्कळांस माहीत नसेल कीं, वैद्यकशास्त्रांत जें जें लिहिलें जातें त्याचेंहि एक मोठें दप्तर आहे, आणि तें घरबसल्या, एक पैसा न देतां, कोणासहि पाहतां येतें. त्या दप्तराची ओळख करून द्यावी, त्यांत शोध कसा घ्यावा आणि सांपडलेल्या नोंदी कशा जपून ठेवाव्या हें सांगावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे. आमचें शिक्षण मराठी शाळेंतलें आणि आयुष्य कारकुनींत गेलेलें. वैद्यकाचा अधिकार आम्ही सांगत नाहीं. पण दप्तर कसें लावावें व कसें पाहावें, एवढें मात्र चाकरीनें आम्हांस शिकविलें आहे.

दप्तर कोठून आलें

अमेरिकेच्या लष्करी वैद्यक खात्यांत जॉन शॉ बिलिंग्ज या नांवाचे एक शल्यवैद्य होते. वॉशिंग्टन येथील त्या खात्याच्या ग्रंथालयाची व्यवस्था त्यांच्याकडे होती. देशोदेशींच्या वैद्यकीय नियतकालिकांत दरमहा काय छापून येतें याची विषयवार यादी असल्याखेरीज तें ज्ञान असून नसल्यासारखें आहे, हें त्यांनीं ओळखलें. आणि रॉबर्ट फ्लेचर यांच्या साह्यानें सन १८७९ मध्यें 'इंडेक्स मेडिकस' नांवाची सूचि काढण्यास आरंभ केला. त्याच ग्रंथालयास सन १९५६ पासून राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालय असें नांव मिळालें. सन १९६४ मध्यें ही सूचि संगणकावर आली, सन १९७१ मध्यें ती तारायंत्राच्या जाळ्यावरून दुरून पाहतां येऊं लागली व तिला 'मेडलाईन' हें नांव पडलें. पुढें सन १९९६ मध्यें 'पबमेड' नांवानें ती इंटरनेटवर आली आणि सन १९९७ पासून सर्व जगास विनामूल्य खुली झाली. छापील सूचीचें काम सन २००४ मध्यें थांबलें. आज पबमेडमध्यें ३ कोटि ७० लाखांहून अधिक नोंदी आहेत.

एक गोष्ट येथेंच ध्यानांत घ्यावी. पबमेड हें लेखांचें कोठार नव्हे. ती लेखांची सूचि आहे. सातबारा म्हणजे जशी जमीन नव्हे, तर जमिनीविषयींची नोंद, तसेंच हें समजावें. बहुतेक नोंदींबरोबर लेखाचा गोषवारा मात्र वाचावयास मिळतो. पूर्ण लेख कांहीं ठिकाणीं फुकट मिळतो, कांहीं ठिकाणीं त्यास दाम पडतो. फुकट मिळणाऱ्या पूर्ण लेखांसाठीं त्याच ग्रंथालयानें सन २००० मध्यें 'पबमेड सेंट्रल' हें निराळें कोठार उघडलें. तेव्हां दोहोंत घोंटाळा करूं नये.

नोंद कशी वाचावी

प्रत्येक नोंदींत लेखाचा मथळा, लेखकांचीं नांवें, नियतकालिकाचें नांव, वर्ष, खंड व पृष्ठें असतात, आणि शिवाय एक अनुक्रमांक असतो. त्यास 'पीएमआयडी' म्हणतात. गट नंबराप्रमाणेंच हा नंबर होय. मथळा सारखा असलेले दोन लेख असूं शकतात, एका आडनांवाचे शेंकडों लेखक असतात. पण हा नंबर एका नोंदीस एकच. कोणीं छातीठोकपणें सांगितलें कीं 'हें शास्त्रज्ञांनीं सिद्ध केलें आहे', तर त्यास एवढेंच विचारावें कीं, लेख कोणाचा, कोठें छापला, साल कोणतें, आणि नंबर काय? ज्यास यांपैकीं एकहि सांगतां येत नाहीं, त्याचें बोलणें बिनउताऱ्याच्या जमिनीसारखें समजावें.

शोध कसा घ्यावा

नवशिका मनुष्य शोधाच्या चौकटींत सबंध प्रश्नच लिहितो. तसें न करतां प्रश्नाचे तुकडे पाडावे: रोग कोणता, उपाय कोणता, रोगी कोण, आणि फळ काय हवें. दप्तराची भाषा इंग्रजी असल्यामुळें शब्द इंग्रजींत द्यावे लागतात. घरांत कॉलेजांत शिकणारा मुलगा वा मुलगी असल्यास हें काम त्यांजकडून करवून घ्यावें.

शब्दांस जोडण्यास तीन अव्यये आहेत. 'अँड' घातलें कीं दोन्ही शब्द ज्यांत आहेत तेवढ्याच नोंदी येतात व संख्या घटते. 'ऑर' घातलें कीं दोहोंपैकीं कोणताहि शब्द असलेल्या नोंदी येतात व संख्या वाढते. 'नॉट' घातलें कीं तो शब्द असलेल्या नोंदी वगळल्या जातात. पण हें अव्यय जपून वापरावें, कारण तणाबरोबर पीकहि उपटलें जातें. समानार्थी शब्द 'ऑर'नें जोडून त्यांस कंस घालावा, आणि मग दुसरा विषय 'अँड'नें जोडावा. कंस विसरल्यास उत्तर भलतेंच येतें.

एकाच गोष्टीस लेखक निरनिराळीं नांवें देतात. एक 'सर्पदंश' म्हणेल, दुसरा 'सर्पविषबाधा' म्हणेल. यासाठीं ग्रंथालयानें सन १९६० पासून ठराविक शीर्षकांची एक यादी ठेविली आहे. तिला 'मेश' म्हणतात. लेखकानें शब्द कोणताहि वापरो, त्या लेखास ठरलेलें शीर्षक लावलें जातें. आपल्याकडे कोणी 'कपाशी' म्हणो, 'सरकी' म्हणो वा 'पऱ्हाटी' म्हणो, पीकपाहणींत 'कापूस' हेंच लिहिलें जातें, त्यांतलाच हा प्रकार आहे. म्हणून चांगला शोध घेणारा ठरलेलें शीर्षक आणि चालू शब्द असे दोन्ही वापरतो. कारण कांहीं लेखांस असें शीर्षक लागलेलें नसतें.

विंचवाचें उदाहरण

आमची पाली बिंदुसरेच्या धरणाजवळ, बालाघाटाच्या दगडगोट्यांच्या रानांत वसलेली आहे. दगडी बांध, कडब्याच्या गंजी, गोवऱ्यांचे ढीग या सर्व ठिकाणीं विंचू असावयाचाच. तेव्हां उदाहरणासाठीं विंचूच घेऊं. चौकटींत 'स्कॉर्पिअन स्टिंग' किंवा 'स्कॉर्पिअन एन्व्हेनोमेशन' हे शब्द 'ऑर'नें जोडून कंसांत घालावे, आणि पुढें 'अँड' लिहून 'प्राझोसिन' हें औषधाचें नांव घालावें. जी यादी येते तींत एक आडनांव पुनःपुन्हां दिसतें, तें म्हणजे बावस्कर.

डॉ. हिंमतराव बावस्कर हे आपल्या मराठवाड्याचेच; जालना जिल्ह्यांतील देहेड हें त्यांचें गांव. वैद्यकीचें शिक्षण घेऊन ते कोंकणांत महाड तालुक्यांतील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत रुजू झाले. तेथें लाल विंचवाच्या दंशानें धडधाकट माणसें व लहान मुलें कांहीं तासांत दगावत. मोठीं यंत्रें नव्हतीं, प्रयोगशाळा नव्हती. डॉक्टरांनीं रोग्याच्या उशाशीं बसून प्रत्येकाचा घाम, नाडी, रक्तदाब, हातपायांचा थंडपणा यांची टिपणें ठेविलीं. दंशानंतर नुसती आग आणि ठणका असेल, तर धोका सहसा कमी. पण दरदरून घाम, उलटी, गार पडलेले हातपाय हीं चिन्हें दिसलीं, तर पुढें हृदय व फुफ्फुसें यांजवर संकट येणार, असें त्यांच्या ध्यानांत आलें. हीं निरीक्षणें सन १९८२ मध्यें इंग्लंडच्या 'लॅन्सेट' या नियतकालिकांत छापून आलीं.

याचें कारण असें कीं, लाल विंचवाचें विष मज्जातंतूंस उत्तेजित करून शरीरांतील रक्तदाब वाढविणारीं द्रव्यें एकदम मोकळीं करतें. रक्तवाहिन्या आवळतात, हृदयावर भार पडतो, आणि फुफ्फुसांत पाणी भरतें. प्राझोसिन हें रक्तदाबावरचें जुनें व स्वस्त औषध या आवळलेल्या वाहिन्या सैल करतें. डॉ. बावस्कर व त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनीं त्याचा उपयोग विंचूदंशावर केला आणि सन १९८६ मध्यें तोहि अनुभव 'लॅन्सेट'मध्यें छापला. पूर्वीं तीव्र विषबाधेंत मृत्यूचें प्रमाण शेंकडा ३० च्या घरांत असे. या उपचारानंतर तें अगदीं अल्पावर आलें. सन २०२२ मध्यें सरकारनें डॉ. बावस्करांस पद्मश्री दिली.

एवढ्यावरच शोध थांबवूं नये. यादी सालवार लावली कीं सन २०११ चा, 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मधील लेख पुढें येतो. महाड येथें ७० रोग्यांचे चिठ्ठ्या टाकाव्या तशा रीतीनें दोन गट केले. ३५ जणांस नुसतें प्राझोसिन दिलें, ३५ जणांस प्राझोसिनबरोबर विंचवाच्या विषावरील प्रतिविषहि दिलें. दहा तासांनंतर दुसऱ्या गटांतील ३२ जण पूर्ण बरे झाले होते, पहिल्या गटांतील फक्त ८. बरें होण्यास सरासरी ८ तास लागले, तर नुसत्या प्राझोसिननें पावणेअठरा तासांच्या आसपास. म्हणजे पहिला उपाय चुकीचा ठरला असें नव्हे. त्यास जोड मिळाली. जो मनुष्य १९८६ च्या लेखावर थांबेल, त्यास ही पुढची गोष्ट कळणार नाहीं. फेरफार पाहतांना शेवटच्या नोंदीपर्यंत पाहावें, हा नियम येथेंहि लागू आहे.

मात्र हें वाचून कोणीं प्राझोसिनच्या गोळ्या घरीं आणून ठेवूं नयेत. त्या औषधानें रक्तदाब एकाएकीं उतरून भोवळ येते. किती द्यावें व केव्हां थांबवावें हें डॉक्टरानेंच पाहावयाचें. वाचकानें घ्यावयाचा बोध निराळा आहे. रोग्यास घाम सुटून हातपाय गार पडूं लागले, तर मंत्र, पाला, दगड यांत एक क्षणहि न दवडतां त्यास आरोग्य केंद्रांत न्यावें. आणि त्या केंद्रांत हें औषध व प्रतिविष आहे कीं नाहीं, याची चौकशी दंश होण्यापूर्वींच ग्रामसभेंत करून ठेवावी. दप्तर पाहिलेला मनुष्य अशी चौकशी नेमक्या शब्दांत करूं शकतो, आणि त्यास गुळमुळीत उत्तर देतां येत नाहीं.

दुसरें उदाहरण, अधिक जवळचें

आपल्या बीड जिल्ह्यांतून दरवर्षीं लाखो माणसें ऊसतोडीस जातात. सन २०१९ मध्यें या मजूर स्त्रियांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न देशभर गाजला. विधान परिषदेच्या तेव्हांच्या उपसभापति डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालीं सरकारनें समिति नेमिली. जिल्ह्यांतील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांच्या पाहणींत १३,८६१ जणींची 'पिशवी' काढलेली आढळली. म्हणजे सहा जणींत एकीची. अंगावरून पांढरें जातें, पोट दुखतें, पाळीस त्रास होतो, अशा तक्रारींवर पुढें कर्करोग होईल असें भय घालून शस्त्रक्रिया झाल्याचें त्या वेळीं पुष्कळ स्त्रियांनीं सांगितलें. अनेकजणी चाळिशीच्या आंतल्या होत्या. उचल घेऊन शस्त्रक्रियेचा खर्च भागविला आणि तीच उचल फेडण्यास पुन्हां कोयता हातीं धरला, अशीं घरें आपल्या प्रत्येकाच्या गांवांत आहेत.

आतां हाच प्रश्न दप्तरास विचारूं. एक शब्द 'हिस्टरेक्टमी', दुसरा 'मेनोपॉज' अथवा 'ओव्हेरियन फेल्युअर'. जे लेख येतात त्यांत सन २०११ चा अमेरिकेंतील नॉर्थ कॅरोलिना प्रांतांतला एक आहे. गर्भाशय काढलेल्या पण अंडाशय राखलेल्या ४०६ स्त्रिया आणि शस्त्रक्रिया न झालेल्या ४६५ स्त्रिया यांचा पाठपुरावा केला. चार वर्षांनीं पहिल्या गटांत शेंकडा १४.८ जणींचे अंडाशय काम करीनासे झाले होते, दुसऱ्या गटांत शेंकडा ८. म्हणजे अंडाशय जागेवर ठेवले तरी पाळी जाण्याच्या वयाचे परिणाम अकालीं येण्याचा संभव सुमारें दुप्पट. आणि अंडाशयहि काढले, तर हाडें ठिसूळ होणें व हृदयविकार यांचा धोका वाढतो, असें सांगणारे लेख पुष्कळ आहेत. जिला उन्हातान्हांत मोळी उचलावयाची आहे, तिच्या हाडांचा हा प्रश्न आहे.

येथें न्यायानें दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. वरील पाहणी परदेशांतील स्त्रियांची आहे. आपल्या स्त्रियांचें खाणेंपिणें व कष्ट निराळे आहेत, म्हणून तोच आंकडा येथें जसाचा तसा लावतां येणार नाहीं. शिवाय कांहीं रोगांत, विशेषतः खऱ्या कर्करोगांत, ही शस्त्रक्रिया जीव वांचविते. तेव्हां शस्त्रक्रिया करूंच नये असा याचा अर्थ नाहीं. अर्थ इतकाच कीं, डॉक्टरास विचारावें: रोगाचें नांव काय, तपासणीचा कागद कोठें आहे, औषधानें भागणार नाहीं काय, आणि अंडाशय राखणार कीं काढणार? अनावश्यक शस्त्रक्रिया थांबविण्यासाठीं केंद्र सरकारनें सन २०२२ मध्यें मार्गदर्शक सूचना काढल्या, आणि सन २०२३ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें राज्यांस त्या अंमलांत आणण्यास सांगितलें. दुसऱ्या डॉक्टराचें मत घेणें हा पहिल्याचा अपमान नव्हे. अंबाजोगाईस स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे. तेथें दाखविण्यास एका दिवसाची मजुरी बुडेल, पण सबंध आयुष्याचें नुकसान टळण्याचा संभव आहे.

पुराव्याची प्रत

दप्तरांत आहे म्हणून तें खरें, असें मात्र समजूं नये. कचेरींत जसा तोंडी जबाब, पंचनामा व प्रत्यक्ष मोजणी यांचें वजन निराळें, तसेंच येथें आहे. एकाद्या रोग्याची हकीकत हा जबाब होय. पुष्कळ रोग्यांचीं टिपणें हा पंचनामा. चिठ्ठ्या टाकून गट पाडलेला प्रयोग ही मोजणी. आणि एका विषयावरचे सर्व प्रयोग एकत्र पारखून लिहिलेला आढावा हा वरिष्ठ कचेरीचा निवाडा समजावा. पबमेडच्या पानावर डावीकडे चाळण्या दिलेल्या असतात. त्यांतून 'रिव्ह्यू' व 'रँडमाइज्ड' या निवडल्या कीं वजनदार नोंदी आधीं दिसतात. प्रयोगांत माणसें किती होतीं व पैसा कोणीं दिला, हेंहि पाहावें.

शिवाय नोंदी रद्दहि होतात. सन १९९८ मध्यें 'लॅन्सेट'नेंच १२ मुलांवरून लिहिलेला एक लेख छापला व त्यावरून गोंवराच्या लशीनें मुलांस मेंदूचा विकार होतो असा समज जगभर पसरला. पुढें त्यांतील लबाडी उघड झाली आणि सन २०१० मध्यें त्या नियतकालिकानें तो लेख मागें घेतला. पबमेडमध्यें ती नोंद आजहि आहे, पण तिजवर 'मागें घेतलेला लेख' असा स्पष्ट शेरा आहे. शेरा न पाहतां उतारा घेणाराची जी फसगत होते, तीच येथें होते. गोंवराच्या लशीविषयींची ती जुनी अफवा मोबाईलवरून अद्याप फिरते. तिच्या मुळाशीं हाच रद्द लेख आहे.

टांचण ठेवण्याची रीत

सांपडलेली नोंद जपून ठेविली नाहीं, तर सहा महिन्यांनीं तीच पुन्हां शोधावी लागते. ज्यांचीं मुलें परभणीच्या कृषि विद्यापीठांत किंवा वैद्यकीय महाविद्यालयांत शिकतात, त्यांनीं 'झोटेरो' नांवाचें साधन वापरण्यास सांगावें. अमेरिकेंतील जॉर्ज मेसन विद्यापीठांत सन २००६ मध्यें तें निघालें व विनामूल्य आहे. लेखाचें पान उघडून एक कळ दाबली कीं मथळा, लेखक, साल, नंबर हें सर्व आपोआप नोंदलें जातें; विषयवार कप्पे करतां येतात, दुबार नोंदी जुळवून एक करतां येतात, आणि प्रबंध लिहितांना आधारांची यादी तें स्वतःच तयार करतें. पण आपोआप झालेली नोंदहि एकदां मूळाशीं ताडून पाहावी. नक्कल करणाराच्या हातून अक्षर चुकतें, तसें यंत्राकडूनहि चुकतें.

साध्या गृहस्थास शंभर पानांची वही पुरे. तींत सात रकाने आंखावे: शोधाची तारीख, वापरलेले शब्द, नोंदीचा नंबर, लेखक व साल, नियतकालिक, दोन ओळींत सार, आणि शेवटीं 'कोणाच्या उपयोगी'. वापरलेले शब्द लिहून ठेवणें अवश्य आहे, कारण पुढच्या वर्षीं तेच शब्द घालून नवें काय आलें हें पाहतां येतें. गोषवारा मोबाईलवर मराठींत करून मिळतो खरा, पण त्यावरून विषय काय एवढेंच समजून घ्यावें. 'नाहीं'चें 'आहे' होण्याचा धोका असल्यानें निर्णय त्यावर करूं नये. जनावरांच्या रोगांवरचे लेखहि याच दप्तरांत सांपडतात. आणि पिकांसाठीं संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेची 'ॲग्रिस' ही सूचि याच रीतीनें फुकट पाहतां येते.

आमची सूचना अशी कीं, प्रत्येक गांवच्या सभासदांनीं मिळून अशी एक वही ठेवावी. शिकलेल्या एका मुलानें वा मुलीनें महिन्यांतून दोन तास बसून लोकांनीं विचारलेले प्रश्न शोधावे, आणि वही चावडीवर किंवा वाचनालयांत असावी. पहिले प्रश्न विंचू, साप, फवारणीची विषबाधा आणि स्त्रियांच्या शस्त्रक्रिया हे असावे, कारण यांतच आपल्या भागांतील माणसें अधिक नाडलीं जातात. वहींतलें टिपण हातीं घेऊन डॉक्टराकडे जावें. नम्रपणें दाखवावें आणि त्याचें म्हणणेंहि ऐकून घ्यावें. चांगला डॉक्टर त्यानें रागावत नाहीं. उलट त्यास समजावून सांगणें सोपें जातें.